न चाखता केलेला पिझ्झा

"पिझ्झ्याला शिकवणी कशाला लागते हो?" असं मला पहिल्यांदा विचारलं ते सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी. आमच्या धायरीच्या फ्लॅटच्या दारात चपला न काढता उभे होते. मी म्हटलं, "पोहायला तरी कशाला लागते? पाण्यात उडी मारली की झालं." गृहस्थांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, चपला काढल्या आणि आत आले. पुढे माझे सगळ्यात नियमित विद्यार्थी तेच. एकही रविवार चुकवला नाही, आणि एकदाही "छान झालाय" म्हटलं नाही.

वीसेक वर्षं मी घरातून पिझ्झे केले आणि शिकवले. जेवणाचं टेबल हाच वर्ग, ओटा ही प्रयोगशाळा आणि एक ओव्हन, ज्याचं दार लावायला गुडघा लागायचा. माझ्या सासूबाई ह्याला धंदा म्हणत नसत. "नीलाचा उद्योग चाललाय," म्हणायच्या. त्या स्वरात उद्योग म्हणजे उपद्व्याप हे कोणालाही कळावं.

मी सुरुवात केली तेव्हा पुण्यातल्या घरांत पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला गोल पुठ्ठा. त्यावर बाटलीतला गोड सॉस, सिमला मिरचीच्या चकत्या आणि किसलेलं चीज. खाताना आधी वरचं संपायचं आणि मग पुठ्ठा उरायचा. मी म्हणायचे, बायांनो, पोळ्या घरी करता, मग हा उंडा बाहेरून का आणता? मैदा, यीस्ट, मीठ, तेल, पाणी. सैलसर मळायचं, भरपूर तिंबायचं आणि मग त्याला एकटं सोडायचं. हे शेवटचं आपल्या लोकांना जमत नाही. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतात. शिवाय पुण्याचा पावसाळा निराळा, थंडी निराळी. पावसाळ्यात मैदा आधीच ओलसर असतो, पाणी हात राखून घालावं लागतं. थंडीत पीठ फुगता फुगत नाही. मी भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायचे, तर आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) विचारायच्या, "शेक-शेगडीचं काय? बाळंतिणीचं सगळं व्यवस्थित व्हायला हवं."

राजम्याचा पिझ्झा माझ्याकडे आला तो खराडीच्या प्राजक्तामुळे. ही मुलगी आयटीवाली. जिथे तिच्या आजोबांची ज्वारी व्हायची त्याच्या पलीकडेच काचेची इमारत उभी राहिली आणि तीत ही नोकरीला लागली. कंपनीने तिला काही महिने टेक्सासला पाठवलं. परत आली ती थेट माझ्या ओट्याशी. "काकू, तिकडे मी एकच गोष्ट एन्जॉय केली. टेक्स-मेक्स पिझ्झा. म्हणजे बेसिकली राजमा, पण मॅश केलेला. वर कॉर्न, तिखट मिरची आणि सोअर क्रीम. तुम्ही ट्राय कराच."

टेक्स-मेक्स म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे वर्गात सांगायचे ते असं: टेक्सास आणि मेक्सिको ह्या दोन शेजारणी. कुंपणावरून वाट्या देवघेव करता करता जो स्वयंपाक तयार झाला, तो हा. मक्याचं पीठ, राजमा, जिरं, लाल मिरची, लिंबू, कोथिंबीर. आता ह्यात परकं काय आहे सांगा बघू? जिरं आणि कोथिंबीर बघून माझी तर भीडच चेपली. त्यांचं सोअर क्रीम इकडे मिळेना, मी श्रीखंडाचा चक्का घेतला, दुधात सैल केला, मीठ घातलं आणि लिंबू पिळलं. त्यांची ती बाटलीतली मिरची महाग, मी साध्या पोपटी मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवल्या.

पहिला पिझ्झा आईंच्या पुढ्यात ठेवला. त्या काळात माझ्या प्रत्येक नव्या प्रकाराच्या परीक्षक त्याच. एक घास सावकाश खाल्ला. "उसळ आहे. पोळी फुगलीय. वर दही आहे. मग नवीन काय केलंस?" मी हिरमुसले. त्या उठल्या, हात धुतले आणि जाता जाता म्हणाल्या, "जिरं कच्चं आहे. कोरडं भाजून पूड कर. आणि टोमॅटोच्या बिया काढ, खालचं भिजतंय." दोन्ही केलं. पिझ्झा कुठल्या कुठे गेला! आईंच्या तोंडून कौतुक ऐकायची सवय मला कधीच नव्हती, पण त्यांनी काढलेली खोड म्हणजे बावनकशी. तीवर मी ग्राहक मिळवले.

त्यातल्याच एक प्राजक्ताच्या आत्या, आमच्या धायरीतच राहणाऱ्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. आमच्या सोसायटीची जमीन एके काळी त्यांचीच. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून म्हणाल्या, "हितं आमचा हरभरा असायचा, ताई." मी त्यांना हरभऱ्याच्या जागी बसवून पिझ्झा दिला. त्यांनी खाल्ला, तोंड वाकडं केलं. "बरा हाय. पन ह्याला तिखाट का न्हाई? आजारी मानसाचं जेवान हाय का हे?" दुसऱ्या दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आल्या, खलबत्त्यात कुटलेला, लसणाचा. तो राजम्यात कालवला आणि माझा पिझ्झा पुरा झाला. तेव्हापासून तो तसाच करते.

आता एक कबूल करायला हवं. माझ्या वर्गातला पहिला नियम होता: हातात चमचा ठेवा आणि पावलोपावली चाखा. राजमा शिजला की चाखा, मीठ घातलं की चाखा, लिंबू पिळलं की पुन्हा. हा नियम आमच्या घराच्या पार विरुद्ध. आमच्याकडे सणावाराचा स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखायचा नाही. गौरींच्या जेवणाला चाळीस-पन्नास पानं, पण आई ओट्याशी उभ्या राहून एकही थेंब जिभेला लावायच्या नाहीत. आणि मग पहिल्या पंगतीत पुरण, कटाची आमटी, पंचामृत, सगळं जिथल्या तिथे. मी नवी नवरी असताना एकदा आमटी चाखताना पकडली गेले होते. आई रागावल्या नाहीत. फक्त पळी माझ्या हातातून काढून घेतली. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणून माझ्या वर्गात मी सगळ्यांच्या हातात चमचे दिले.

पुढे एका पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. डोक्याला मागे लागलं, टाके पडले. महिनाभर अंथरुणावर होत्या. उठल्या त्या जुन्याच तोऱ्यात, आणि अर्धा ओटा पुन्हा त्यांचा झाला. एकच बदललं. माझा पिझ्झा खाणं त्यांनी सोडलं. "कसा झालाय बघा," म्हणून बशी पुढे केली की, "नको बाई, दात कुठे आहेत मला." दात चांगले शाबूत होते. दिवाळीत चकल्या खात होत्या की! मी मनात म्हटलं, असू दे. पण लागलं ते लागलंच. इतकी वर्षं ज्यांच्या एका खोडीसाठी मी धडपडले, त्यांना आता खोड काढण्याइतकंही माझ्या कामाचं अप्रूप राहिलं नाही, असं मी धरून चालले. बोलले मात्र कधी नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत मी आणि आमचे हे, दोघं आडवे झालो. आईंना काही झालं नाही. ह्यांची चव आठवड्यात परत आली. माझी नाही आली. ताप गेला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण नाक आणि जीभ दोन्ही ठप्प. हापूस तोंडात म्हणजे ओला कापूस. कॉफी म्हणजे गरम पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. किती हळूहळू ते कोणी सांगेना.

मी कोणाला कळू न देता ऑर्डर घेतली. आणि जे व्हायचं तेच झालं. जन्मभराची सवय, राजम्याला मीठ घातलं आणि चाखलं. काहीच लागलं नाही, म्हणून आणखी घातलं. पुन्हा चाखलं, पुन्हा घातलं. संध्याकाळी फोनवर निरोप आला: "आपण मिठाचा पिझ्झा असा स्वतंत्र प्रकार सुरू केला असल्यास पूर्वसूचना द्यावी. आपला हितचिंतक." माझे तेच सदाशिव पेठेतले विद्यार्थी. हसावं की रडावं! रडले मी, सरळ सांगते. ओव्हनवर फडकं टाकलं आणि ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांना सांगितलं, आता वय झालं, बंद केलं.

मार्गशीर्षात काकूंचा फोन आला. "ताई, प्राजूचं लगीन ठरलंय. केळवान माझ्याकडं हाय. मी म्हनलं पुरनपोळी करू, तर पोरगी म्हनती, आत्या, मला तो राजम्याचाच पिझ्झा पायजे. नवऱ्याकडची मानसं बी येनारेत."

"काकू, मी ऑर्डरी बंद केल्यात हो."

"आर्डर कोन देतंय? केळवानाला बोलावतीय मी तुमाला. येताना हातचं घिऊन या." आणि फोन ठेवून दिला.

मी टेबलाशी बसून राहिले. प्राजक्ताच्या सासरची मंडळी, पहिलंच जेवण, आणि माझ्या हातून पुन्हा खारट झालं तर? मुलीच्या मावशा-माम्या काय म्हणतील? आणि खरं सांगू, त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ह्या खेपेला बिघडलं की संपलं, मग मला पुन्हा ओट्याशी उभं राहायचा धीर व्हायचा नाही. वीस वर्षं जे केलं ते माझ्या जिभेच्या जोरावर. जीभच नाही तर मी कोण?

आई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही कशाला म्हणालीस?"

तेव्हा मी पहिल्यांदा घरात बोलले. "आई, मला खाल्लेलं काही कळत नाही."

"मग खाऊ नकोस. करायचं तुला आहे. खायचं त्यांना आहे."

"चाखल्याशिवाय कसं करू?"

"मी लग्न होऊन आल्यापासून गौरींची कुठली आमटी चाखलीय? बिघडली कधी?"

"तुम्ही किती वर्षं करताय ती आमटी."

"आणि तू काय कालपासून करतेयस?"

आईंनी मटार बाजूला सारले, मिठाचा डबा आणि तीन वाट्या मांडल्या. "नेहमीच्या राजम्याला घेतेस तेवढं मीठ हातात घे. विचार करू नकोस." मी घेतलं. त्यांनी ते पहिल्या वाटीत टाकायला लावलं. "पुन्हा." दुसरी वाटी. "पुन्हा." तिन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. "फरक दाखव बघू."

फरक नव्हता. तिन्ही ढिगुल्या सारख्या.

"हं," आई म्हणाल्या. "जीभ गेलीय. हात गेलेला नाही. आता ऐक. मीठ एकदाच. दुसऱ्यांदा हात डब्याकडे गेला की मागे घ्यायचा. नैवेद्याला चाखायचं नाही म्हणजे काय? शंका घ्यायची नाही."

पुढचे काही दिवस ह्या वयात मी त्यांची शिकवणी लावली. माझ्या वर्गात मी सांगायचे, जिऱ्याचा वास सुटला की तवा उतरवा. आई म्हणाल्या, वासाची वाट कशाला बघतेस, जिरं हलकं होतं, तव्यावर सळसळायला लागतं, ते ऐक. लसणाची कड बदामी झाली की पुरे. टोमॅटो शिजला हे बाजूने तेल सुटलं की कळतं. राजमा दोन बोटांत दाबला की सालीसकट चिरडला पाहिजे. चक्का चमच्यावरून थांबत थांबत पडला पाहिजे. सगळं डोळ्याचं, कानाचं आणि बोटांचं. वासावरून ओळख असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

केळवणाच्या सकाळी उंडे गोधडीतून काढले. ओव्हनमध्ये जाड तवा उलटा घालून तापवला, म्हणजे तळ कच्चा राहत नाही. पोळी हातानेच थापून पसरली, त्यावर राजम्याचा पातळ थर, मक्याचे दाणे, कांदा, बिया काढलेला टोमॅटो, वर चीज. ओलं ते सगळं भाजून झाल्यावर घालायचं: चक्का, कोथिंबीर, मुरलेली मिरची, आणि मक्याच्या कुरकुरीत पुऱ्यांचा चुरा. मीठ एकदाच घातलं. हात दुसऱ्यांदा डब्याकडे गेला होता. आई समोर बसल्या होत्या, नुसत्या खाकरल्या. हात मागे आला.

पहिला पिझ्झा निघाला आणि माझा धीर सुटला. "आई, एवढा एक तुकडा खाऊन सांगा. पाया पडते."

"नैवेद्याच्या आधी?"

"हा कुठे नैवेद्य आहे?"

"मुलीचं केळवण आहे. पाठव तो."

ह्यांनी स्कूटरवरून खेपा घातल्या. काकूंचं घर हाकेच्या अंतरावर, पण मी गेले नाही. लोकांचे चेहरे बघायची हिंमत नव्हती. फोन मांडीवर घेऊन बसले. आई शांतपणे वाती वळत होत्या. दुपारी फोन वाजला तेव्हा मागे इतका कलकलाट होता की मला आधी वाटलं भांडण झालंय.

"अवो ताई, संपला की! व्याही इचारत्यात, आनखी हाय का?"

"काकू, मीठ?"

"मिठाला काय झालं? तुमी आदी हिकडं या बरं!" मग फोन प्राजक्ताने हिसकावला. "काकू, लिटरली सेम! एक्झॅक्टली तोच! आत्याने ताटाभोवती रांगोळी काढलीय आणि ताटात पिझ्झा. मी फोटो पाठवते."

मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून मनसोक्त रडले. मग एक पिझ्झा मागे ठेवला होता, त्याचा मोठा तुकडा बशीत घातला आणि आईंसमोर नेऊन ठेवला. "आता नैवेद्य झाला. आता दातांचं कारण सांगू नका. कसा झालाय ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

आईंनी बशीकडे पाहिलं. वाती बाजूला ठेवल्या.

"मला नाही कळायचं गं," म्हणाल्या.

"काय नाही कळायचं?"

"चव. त्या पडण्यापासून वासच येत नाही मला. मीठ-साखर तेवढं अंधुक लागतं. बाकी आमटी काय आणि कढी काय, गरम आहे एवढंच."

"आई, एवढी वर्षं! बोलला नाहीत?"

"बोलून काय परत येणार होतं? तुम्ही मला ओट्यावरून उठवलं असतंत. 'आई, आता तुम्ही आराम करा.' मग मी दिवसभर करायचं काय?"

"आणि माझा पिझ्झा?"

"बाकीचे जेवतात आणि उठतात. तू समोर उभी राहून विचारायचीस. काय सांगणार होते? चांगला झालाय म्हणून मी तुला कधी खोटं सांगितलंय, की आता सांगायला लागावं?"

इतक्या गौरी झाल्या, इतक्या दिवाळ्या झाल्या. आम्ही बोटं चाटत जेवलो, आणि करणारीला स्वतःच्या पानातलं काही लागत नव्हतं. चाखायचं नसतंच, तेव्हा कोणाला कळणार? आणि मी मात्र मनात अढी धरून बसले होते, आईंना माझ्या कामाची किंमत नाही म्हणून. मी त्यांचा हात धरला. आमच्या घरात हात वगैरे धरत नाहीत. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग आम्ही तो पिझ्झा खाल्ला, दोघींनी मिळून, दोघींनाही काही कळत नसताना. आईंनी कड मोडली, चावली, ऐकली. "कुरकुरीत आहे," म्हणाल्या. "मधे मात्र ओल लागतेय. बिया नीट काढल्या नाहीस."

माझं नाक होळीच्या सुमारास जागं झालं. आधी हिंग आला, मग कोथिंबीर, मग एकदम सगळंच. आईंना मी दवाखान्यात नेलं, पण इतक्या वर्षांनी काही होणं अवघड, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाल्या, "हे मी तुला फुकटात सांगितलं असतं." त्या अजून रोज अर्धा ओटा सांभाळतात. कोणाची त्यांना उठवायची छाती नाही, निदान मी घरात असेपर्यंत तरी.

फक्त आता आम्ही एक नवी पद्धत पाडलीय. जेवायला बसलं की पहिला घास मी घेते आणि मोठ्याने सांगते, कशाला काय चव आलीय. भाजीत खोबरं पुढे आलंय, कोशिंबिरीत मोहरी चढलीय, असं. त्या ऐकतात आणि मग जेवायला लागतात.

काल दुपारी मी घास घेऊन सांगितलं, "आमटी सुरेख झालीय आई. आमसूल बेताचं, गोडा मसाला छान लागतोय. गूळ मात्र आज कणभर जास्त पडलाय."

आईंनी ताटातून मान वर केली नाही.

"गूळ बरोबर आहे," म्हणाल्या. "तुझी जीभ अजून पुरती बरी झालेली नाही."